तळ्याकाठी स्पीकर लावणाऱ्यांनो, घरीच बसा ना!

डोकं अजून तापलेलंय म्हणून लिहितेय. मागच्या लाँग वीकेंडला आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून मॅसॅच्युसेट्सला गेलो, कॉनकॉर्डचं वॉल्डन तळं बघायला. कॉलेजात असताना आजोबांच्या कपाटात दुर्गाबाई भागवतांनी केलेला, या तळ्याकाठी एकटा राहिलेल्या अमेरिकन लेखक थोरोच्या पुस्तकाचा अनुवाद सापडला होता, तेव्हापासून मनात होतं की एकदा तिथे जाऊन नुसतं काठावर बसायचं, बास. पण चूक माझीच, जेवताना बोलून गेले आणि ह्यांचे चुलतभाऊ सहकुटुंब तयार. दोन गाड्या, सात माणसं आणि एक ब्लूटूथ स्पीकर.

सहाला निघायचं ठरलेलं, भाऊजींचं आवरून, चहा होऊन, पुन्हा चहा होऊन निघालो साडेआठला. पोचलो तर पार्किंग फुल्ल. ठरावीक गाड्या आत गेल्या की तिथे बंदच करतात, वाद घालून उपयोग नसतो, तरी भाऊजींनी खिडकीतून पाच मिनिटं घातलाच. मग दोन तास गावात चकरा. शेवटी आत सोडलं तर बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट म्हणून गाडीमागे 30 डॉलर, तिथल्या लोकांना 8. आता गंमत बघा, थोरोने 1845 मध्ये तिथे झोपडी बांधली तिचा पै न् पैचा हिशोब त्याने लिहून ठेवलाय, 28 डॉलर साडेबारा सेंट. म्हणजे आमची गाडी उभी करायला त्याच्या घरापेक्षा जास्त लागले! हे मी हसत सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "मग वहिनी, तेव्हाच प्लॉट घेऊन टाकायचा होता." काय बोलणार.

पार्किंगजवळ त्या झोपडीची प्रतिकृती आहे. दहा बाय पंधरा फूट, पलंग, टेबल, शेगडी, तीन खुर्च्या. जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "एवढंच? यासाठी साडेचार तास?" आत कोणीतरी पोरगी पलंगावर बसून रील करत होती, तीन टेक झाले, आम्ही सगळे दाराशी ताटकळत. एकांतावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या घरात शिरायला लाईन!

खरी जागा तळ्याच्या कडेकडेने चालत गेलं की लागते. 1945 मध्ये खणल्यावर तिथे चिमणीचा पाया सापडला, आता दगडी खांब आहेत, साखळी आहे आणि शेजारी येणाऱ्यांनी टाकलेल्या दगडांचा ढीग. बाकीचे सँडविच खात बसले म्हणून मी एकटी पुढे गेले आणि खरं सांगते, दहा मिनिटं मिळाली ती सोन्यासारखी होती. काठाशी पाणी हिरवं, आत निळं. सत्तरीचे तरी असतील असे एक आजोबा त्या गारठ्यात पोहत होते आणि त्यांचा हात पाण्यात शिरायचा तो चुबुक आवाज पार काठापर्यंत येत होता, इतकी शांतता.

आणि मागून ढोल-ताशाचा रिमिक्स.

मी वळले तर भाऊजी स्पीकर हातात घेऊन येतायत, आरतीचं ताट आणावं तसे. आजोबा पोहायचे थांबले आणि आमच्याकडे बघायला लागले, मला तळ्यात बुडी मारून तिकडेच राहावंसं वाटलं (शंभर फूट खोल आहे, सोय झाली असती). म्हटलं बंद करा ते, तर म्हणे, "अहो वहिनी, निसर्गात म्युझिक हवंच." नेमकी तेवढ्यात पलीकडून ट्रेन गेली. ती लाईन थोरोच्या काळापासून आहे, फिचबर्गची, त्यालाही शिट्टी ऐकू यायची. झालं, भाऊजींना पुरावा मिळाला, "बघा, ट्रेन चालते, माझं गाणंच चालत नाही!" अहो, ट्रेन एका मिनिटात निघून जाते, तुम्ही जाता का??

आणि ह्यांना म्हटलं तुम्ही तरी बोला, तर हे पानांचे फोटो काढतायत. मोठा भाऊ आहे ना, कसं बोलणार.

आता थँक्सगिव्हिंगला गेटिसबर्ग ठरतंय. 1863 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता झाले ते मैदान. काल ग्रुपवर भाऊजींचा मेसेज आलाय, "तिथे मुलांसाठी काही ॲक्टिव्हिटी आहे का? आणि स्पीकर चार्ज करून ठेवतो." मला त्या आठवड्यात सर्दी होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.