धारावीत साथ ‘आपोआप’ विझली नव्हती

कोविडबद्दलचा एक मेसेज अजूनही फिरतो आहे: ‘टेस्ट वाढवल्या म्हणून पेशंट वाढले. विलगीकरण म्हणजे नुसता छळ. धारावीत बघा, सगळ्यांना होऊन गेला आणि हर्ड इम्युनिटीने साथ आपोआप विझली.’ (हर्ड इम्युनिटी म्हणजे बहुतेकांच्या अंगात प्रतिकारशक्ती आल्याने साथीला पसरायला माणसंच न उरणं.) चांगली शिकली-सवरलेली माणसं हा पुढे ढकलतात, म्हणून एकेक दावा घेतो.

आधी टेस्ट. टेस्टने रुग्ण तयार होत नाही, असलेला दिसतो. शंभर तपासले तर किती पॉझिटिव्ह निघाले, हे बघायचं. टेस्ट वाढल्या आणि शंभरातले पॉझिटिव्हही वाढले, तर साथच वाढते आहे. दक्षिण कोरियात २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस एका दिवसात नऊशेवर रुग्ण सापडले होते. तपासण्या जोरात चालूच राहिल्या आणि मार्चच्या मध्यावर आकडा शंभराच्या आसपास आला. मेसेजच्या हिशोबाने तो चढायला हवा होता.

आता धारावी. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांत लाखो माणसं. दहा बाय दहाची खोली, तिच्यात सात-आठ जण, माळ्यावर आणखी दोघं, बाहेर सार्वजनिक शौचालयाची रांग. तिथे तापाने फणफणलेल्या माणसाला ‘घरीच वेगळे राहा’ म्हणायचं तरी कसं? १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. महापालिकेने शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडा संकुल घेऊन तिथे खाटा टाकल्या. खाजगी दवाखान्यांतले डॉक्टर ऐन उकाड्यात पीपीई किट चढवून गल्ल्यांतून फिरले, दारोदारी ताप मोजत. एप्रिलमध्ये रुग्ण दुप्पट व्हायला १८ दिवस लागत होते, जूनमध्ये १०८. याला ‘आपोआप’ म्हणणं मला त्या डॉक्टरांवर आणि आरोग्यसेविकांवर अन्याय वाटतो.

हर्ड इम्युनिटीचा पुरावा म्हणून जुलै २०२० चं मुंबईतलं सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्त तपासून किती जणांना आजार होऊन गेला ते बघणारी पाहणी, पुढे करतात: झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी, म्हणजे आजार होऊन गेल्याची खूण. पण ते झालं माटुंगा, चेंबूर आणि दहिसरच्या वॉर्डांत. धारावी जी-उत्तर वॉर्डात येते, ती त्यात नव्हतीच. हो, धारावीतही पुष्कळ रुग्ण तपासणीतून निसटले असणार, आणि बरेच मजूर गावी गेल्याने गर्दीही कमी झाली होती. हे नाकारायचं कारण नाही. पण साथ विझलीच होती, तर ८ एप्रिल २०२१ ला तिथे एका दिवसात ९९ रुग्ण कुठून आले? पहिल्या लाटेतला सर्वांत वाईट दिवसही ९४ चा होता.

राहिला छळ. यात तथ्य आहे. हातावर पोट असलेल्याचा चौदा दिवसांचा रोज बुडतो, म्हणून तो खोकला लपवतो. पण त्यावर उपाय विलगीकरण बंद करणं हा नव्हे. त्याला दोन वेळचं जेवण आणि बुडालेला रोज द्या, घरी रेशन पोचवा. तो स्वतःहून तपासायला येईल.