प्रतिहल्ल्याची विभागीय चौकशी

गेल्या आठवड्यात माझी नोकरी गेली, असे सांगली जिल्ह्यातील माझ्या सासुरवाडीचे ठाम मत आहे, आणि इस्लामपूरच्या चुलत मेहुण्याने तर एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला आहे. प्रत्यक्षात झाले ते एवढेच, की संगणकावरील फुटबॉल व्यवस्थापनाच्या एका खेळात माझ्या क्लबच्या संचालक मंडळाने मला काढले, ते पत्र पडद्यावर तसेच ठेवून मी आंघोळीला गेलो, आणि गुडघा दाखवण्यासाठी आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या मावससासऱ्यांनी ते चष्मा पुसून वाचले. करार तत्काळ संपुष्टात आणल्याचे इंग्रजी वाक्य त्यांना नवे नव्हते. सरकारी नोकरीची अखेरची वर्षे त्यांनी विभागीय चौकशा करण्यातच घालवली आहेत. मी डोके पुसत बाहेर आलो, तेव्हा बातमी फोनवरून मिरजेच्याही पुढे गेली होती.

काढल्याचे मला तितकेसे दुःख नाही. दुःख आहे ते पत्रात दिलेल्या कारणाचे. निकाल समाधानकारक नाहीत, हे एक वेळ मान्य. पण संघाची खेळण्याची शैली क्लबच्या परंपरेला साजेशी नाही, असेही त्यात लिहिले होते. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत वर्षानुवर्षे मधल्या क्रमांकावर लोळत पडलेल्या क्लबची परंपरा ती कसली! आणि मी तिथे जी शैली रुजवत होतो, ती कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती. ती इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतील, म्हणजे प्रीमियर लीगमधील, २०१५-१६ सालच्या लेस्टर सिटीची होती.

ज्यांना तो हंगाम ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. आदल्या वर्षी नाताळात तळाला असलेला आणि कसाबसा चौदाव्या क्रमांकावर वाचलेला हा संघ विजेता होईल, यावर सट्टेबाज एका पौंडाला पाच हजारांचा भाव देत होते. नवे प्रशिक्षक क्लॉदियो रानिएरी यांना ग्रीसच्या राष्ट्रीय संघाने फेरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरल्यावर नुकताच नारळ दिलेला होता. अशा माणसाने ३८ सामन्यांत ८१ गुण मिळवले, केवळ तीन सामने गमावले आणि दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलला दहा गुणांनी मागे टाकले. यात विशेष असे, की चेंडू बहुतेक वेळ समोरच्या संघाकडेच असे. लेस्टरच्या वाट्याला सरासरी ४५ टक्केही वेळ येत नसे. ज्या काळात साऱ्या युरोपाने चेंडू जवळ ठेवण्याचा ध्यास घेतला होता, त्या काळात हे लोक तो खुशाल देऊन टाकत आणि मग जिंकत.

माझी मांडणी त्याबरहुकूम होती. सरळ ४-४-२, म्हणजे मागे चार, मध्ये चार आणि पुढे दोन, मागची फळी खोल, आपल्या गोलाजवळ, दबाव टाकण्याची रेषा मध्यरेषेच्या अलीकडे, चेंडू हिसकावताच प्रतिहल्ला, गोलरक्षकाने वेळ न दवडता चेंडू पुढे देणे आणि पास थेट मोकळ्या जागेत. लेस्टरचे मधले बचावपटू रॉबर्ट हूट आणि वेस मॉर्गन यांच्या जागी मी दोन असे धिप्पाड गृहस्थ आणले, की त्यांच्या वेगाला खेळाने वीसपैकी सहा गुण दिले होते. त्यांनी पेनल्टी क्षेत्राबाहेर पाऊल टाकू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. उजवीकडे रियाद महरेझप्रमाणे आत वळणारा डावखुरा, डावीकडे मार्क ऑलब्रायटनसारखा मर मर धावणारा, पुढे शिन्जी ओकाझाकीच्या धर्तीवर मागे येऊन मदत करणारा एक, आणि सर्वांत पुढे गोल करणारा जेमी वार्डी. माझ्या वार्डीचा वेग सतरा होता. जागा हेरण्याची अक्कल सात होती. तो विजेसारखा पळे आणि दर वेळी ऑफसाइड, म्हणजे पास सुटण्याआधीच बचावफळीच्या पलीकडे गेलेला, सापडे. मैदानभर धावून चेंडू हिसकावणाऱ्या एन्गोलो कान्तेची जागा मात्र भरता आली नाही. लेस्टरचे खेळाडू शोधण्याचे काम पाहणारे स्टीव्ह वॉल्श म्हणत, की आम्ही मध्यभागी तिघांना खेळवतो, मधोमध डॅनी ड्रिंकवॉटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान्ते. माझ्याकडे मधोमध एक जण होता आणि दोन्ही बाजूंना कुणीही नव्हते.

हे सारे मी मावससासऱ्यांना समजावून सांगितले ते केवळ माझी खरी नोकरी शाबूत आहे हे त्यांना पटावे म्हणून. ते त्यांना लगेच पटले. पण तेवढ्याने ते थांबले नाहीत. त्यांनी आमच्या मुलीची दोनशे पानी वही मागून घेतली, समास आखला, पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, खेळ असो की खाते, माणसाला असे उठून काढता येत नाही. आपण रीतसर चौकशी करू. दोषारोपपत्र कुठे आहे?"

"असे काही नसते काका. थेट ई-मेल येतो."

"कारणे दाखवा नोटीस?"

"मंडळाने मध्यंतरी बैठकीला बोलावले होते. पुढच्या पाच सामन्यांत सात गुण मिळवीन, असे मी तिथे सांगितले."

"लेखी?"

"दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडून."

"म्हणजे छापील नमुन्यात." त्यांनी नोंद केली. "आणि मिळाले किती?"

"चार."

"अपचाऱ्याने हमी पाळली नाही," असे ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले. माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या वहीत, मी अपचारी झालो होतो. "आता मूळ आरोपाकडे येऊ. चेंडू आपल्या ताब्यात किती वेळ असे?"

"सरासरी अडतीस टक्के."

"उरलेले बासष्ट टक्के?"

"प्रतिपक्षाकडे."

"आणि त्या वेळात आपली माणसे काय करत होती?"

"आपापल्या जागेवर थांबून वाट पाहत होती."

"कशाची?"

"समोरच्याच्या हातून चूक होण्याची."

त्यांचे पेन थांबले. "जावईबापू," ते आवाज उतरवून म्हणाले, "खात्यात हे सर्रास चालते. पण त्याला धोरण म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहतो."

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी त्यांना पुरावा म्हणून २८ नोव्हेंबर २०१५ चा गोल दाखवला. मँचेस्टर युनायटेडला कॉर्नर मिळालेला असतो, त्यांचे निम्मे लोक लेस्टरच्या गोलासमोर गोळा झालेले असतात. लेस्टरचा गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल चेंडू हवेत पकडतो आणि क्षणाचाही विलंब न लावता बचावपटू ख्रिस्तियान फुक्सकडे सोपवतो. फुक्स चेंडू घेऊन पुढे धावतो आणि बचावाच्या पाठीमागच्या रिकाम्या पट्ट्यात पास सरकवतो. वार्डी त्यावर धावत जाऊन चेंडू गोलरक्षकासमोरून पलीकडच्या कोपऱ्यात मारतो. ओळीने अकराव्या लीग सामन्यात गोल करून त्याने रुड व्हान निस्टलरॉयचा दहा सामन्यांचा विक्रम मोडला, हेही मी सांगितले. काकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितले. माझी बाजू वरचढ होत आहे, असे मला वाटू लागले, तोच त्यांनी पडद्यावर बोट ठेवले.

"या लाल सदऱ्यांच्या मागे एवढी मोकळी जागा कुणी ठेवली?"

"त्यांनीच. ते सगळे पुढे आले होते ना."

"का आले?"

"मोठा संघ. समोर लेस्टर. त्यांना वाटले, सहज जिंकू."

"आणि तुमच्या त्या क्लबसमोर लोक असे पुढे येत होते?"

इथे मला गप्प बसावे लागले, कारण नेमके तिथेच माझे सगळे अडले होते. सुरुवातीला ते येत होते. पहिले काही सामने आम्ही असेच जिंकलो, सतरा वेगाचा माझा माणूस ऑफसाइड न होता दोन-तीनदा पळालाही. मग खेळातील इतर संघांनी आमची दखल घेतली, आमचे नाव गुणतालिकेच्या वरच्या अंगाला दिसू लागले, आणि आमच्याविरुद्ध खेळायला येणारा प्रत्येक संघ आपल्याच गोलासमोर ठाण मांडून बसू लागला. आम्ही वाट पाहत बसलो होतो, तेही वाट पाहत बसले. नव्वद मिनिटे बावीस माणसे एकमेकांच्या चुकीची वाट पाहत आहेत, असे ते दृश्य होते, आणि माझा सहायक व्यवस्थापक दर दहा मिनिटांनी सुचवत होता की आपण जरा वरती जाऊन दबाव टाकावा. या सहायकाचे मला कधी पटले नाही. लेस्टर हा काय प्रकार होता, हे त्याला समजावण्याची सोय त्या खेळात नाही. त्याचे म्हणणे मान्य करायचे किंवा फेटाळायचे, एवढेच दोन पर्याय आहेत.

या खेळांत दबाव टाकत धावणारी शैली वापरली की चौथ्या श्रेणीतला संघही भरभर वर चढतो, ही तर जुनी तक्रार आहे. आमच्या सोसायटीतला नववीतला मुलगा तसाच खेळतो, त्याच्या शेल्फात आभासी चषक मावत नाहीत, आणि तो मला जिन्यात गाठून "काका, लो ब्लॉक आता चालत नाही" असे, माझ्या त्या खोल बचावाला उद्देशून, ऐकवतो. चालत नाही म्हणजे काय? २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये वॉटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस आणि साउदॅम्प्टन या चार संघांना लेस्टरने ओळीने १-० असे हरवले, तेव्हा सोबतीला असा कोणी नववीतला सल्लागार नव्हता. आणि रानिएरींना जे करता आले, ते मला करू दिले जात नाही. हंगामाच्या आरंभी या संघाला गोल न स्वीकारता एकही सामना काढता येत नव्हता, म्हणून त्यांनी खेळाडूंना पिझ्झा खाऊ घालण्याचे कबूल केले. दहाव्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध, १-० असे ते घडले आणि मग पिझ्झा खेळाडूंनाच स्वतःच्या हातांनी बनवावा लागला. माझ्या खेळात संघाशी बोलायचे तर शांत, आग्रही किंवा आक्रमक असा एक सूर निवडावा लागतो. मी शांतपणे विश्वास व्यक्त केला की माझा ऑलब्रायटन नाराज होतो. त्याच्या नाराजीचे कारण लिहून येते, की व्यवस्थापकाचे बोलणे त्याला प्रेरक वाटले नाही. दर वर्षी नव्या आवृत्तीचे पैसे मोजायचे ते अशा शेऱ्यांसाठी! पत्रकार परिषदेचे तर नावच नको. तेच प्रश्न इतक्या वेळा विचारले जातात, की एका रात्री मी सगळ्यांना "भाष्य नाही" असे उत्तर देत सुटलो, तर दुसऱ्या दिवशी प्रसारमाध्यमांशी माझे संबंध बिघडल्याची सूचना आली.

चौकशीच्या दुसऱ्या बैठकीत, चहानंतर, काकांनी मूळ प्रकरणाचा दाखला मागितला. "तुम्ही ज्यांची नक्कल करत होता, त्या रानिएरींचे पुढे काय झाले? बढती मिळाली असेल."

"२३ फेब्रुवारी २०१७ ला काढले."

"विजेतेपदानंतर?"

"नऊ महिन्यांनी. कान्ते चेल्सीला गेला होता, आणि लेस्टर विजेते आहेत हे आता सगळ्यांना ठाऊक असल्याने समोरचे संघ पूर्वीसारखे बेफिकीर पुढे येईनात. संघ पुन्हा तळाशी घसरला."

काकांना हा धक्का मोठा होता. ज्या माणसाच्या गोपनीय अहवालात आदल्या वर्षीचा शेरा 'अत्युत्कृष्ट' असेल, त्याला नऊ महिन्यांत काढायचे म्हणजे काय, यावर ते बराच वेळ बोलत राहिले, आणि त्या ओघात त्यांच्या एका सहकाऱ्याची बदली, तिच्यामागचे राजकारण आणि अडकलेली वेतननिश्चिती हेही सविस्तर येऊन गेले. शेवटी मी त्यांना हळूच विषयावर आणले, तेव्हा त्यांनी वहीतले मागचे पान उलटले आणि एका वाक्याखाली पट्टी धरून रेघ ओढली.

"म्हणजे तिथेही तेच आणि इथेही तेच," ते म्हणाले. "तुमची योजना निम्मी तुमची आणि निम्मी समोरच्याची. तो तुम्हाला कमी लेखतो तोवरच ती चालते."

बचाव किती खोल असावा, पास किती थेट असावा, वेग किती असावा, हे सारे मला त्या खेळात बोटाच्या टोकाने ठरवता येते. समोरच्याने आपल्याला किती तुच्छ लेखावे, याची कळ मात्र त्यात कुठेही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या मैदानावर लेस्टरकडून ३-१ असा मार खाईपर्यंत मँचेस्टर सिटीसारखा संघसुद्धा त्यांच्यासमोर बचावाची फळी उंच, म्हणजे मध्यरेषेपाशी सरकवून, खेळत होता. तो माज मी चौथ्या श्रेणीत कुठून पैदा करणार?

अहवाल काकांनी त्याच रात्री पूर्ण केला. शैलीबाबतचा आरोप सिद्ध होत नाही. गुणांच्या हमीबाबतचा आरोप अंशतः सिद्ध होतो. संचालक मंडळाने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे पालन केलेले नाही, सबब आदेश रद्दबातल व्हावा. एवढे ठीक होते. पण शिफारशींमध्ये त्यांनी लिहिले होते, की ज्या संघांनी अपचाऱ्याच्या संघासमोर पुढे येण्यास जाणीवपूर्वक टाळाटाळ केली, त्या सर्वांच्या व्यवस्थापकांना सक्त ताकीद देण्यात यावी आणि तिची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घ्यावी. मी वाचून परत दिल्यावर त्यांनी विचारले, "या प्रती पाठवायच्या कुठे?"

मी त्यांना पडद्यावर त्या श्रेणीतील सर्व क्लबांची यादी काढून दिली, आणि ते प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरांत पाकिटांवर लिहायला बसले.