आवाज घालवण्याचा उद्योग

दुकानात पाचशे रुपयांना मिळणारा कीबोर्ड जोडला की चालतो आणि पुढची पाचसहा वर्षे तो चालतो आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. नेमकी हीच त्याची मोठी उणीव आहे, असे या छंदातल्या जाणकारांनी मला पटवून दिले. त्यांच्या मते खरा कीबोर्ड स्वतः सुटे भाग जमवून जुळवलेला असतो, त्याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असतो आणि त्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो. वयाची चाळिशी जवळ आलेली, हप्ते वेळेवर जाणारे आणि संध्याकाळी फारसे काही करायला नसलेले माणूस अशा बोलण्याला चटकन बळी पडते.

सुरुवात मी रीतसर नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून केली. तिथल्या दुकानदाराने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “साहेब, सुटा मिळत नाही. आणि सुटा घेऊन करणार काय? हा घ्या, वर्षाची वॉरंटी आहे.” त्यामुळे सगळी खरेदी ऑनलाइन करावी लागली. पीसीबी, म्हणजे विजेच्या जोडण्यांची पाटी, एका ठिकाणाहून, स्विच धरून ठेवणारी प्लेट आणि बाहेरचे खोके, म्हणजे केस, दुसरीकडून, कीकॅप, म्हणजे कळांवरच्या टोप्या, तिसरीकडून. आणि स्विच निवडण्याच्या कामात तर घरातली भाजी आणण्याची जबाबदारीसुद्धा काही काळ माझ्याकडून काढून घेण्यात आली. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचे स्विच बाजारात आणले. त्याचे पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांनी त्याच धाटणीचे स्विच करायला घेतले आणि निवड करणाऱ्याचे हाल सुरू झाले. मूळ हिशेब सोपा आहे: लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी स्विच वाटेत बोटाला हलका अडथळा जाणवून देतो आणि निळा अडथळा तर देतोच, वर टिकटिकतोही. कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते आणि साधारण दोन मिलिमीटरवर अक्षर उमटते. उरलेल्या दोन मिलिमीटरांत काय घडावे, यावर जगभरातली शहाणी माणसे रात्र रात्र वाद घालतात. मी त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर ऐकल्या. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना मला सगळे स्विच सारखेच ऐकू आले, म्हणून मी लालसारखेच सरळ खाली जाणारे पिवळे घेतले. ते स्वस्त होते.

पार्सल घेऊन आलेल्या मुलाने फोनवर “इंदिरानगरच्या बोगद्याच्या अलीकडे की पलीकडे?” एवढेच विचारले. त्याला दिलेले उत्तर ही या सगळ्या प्रकरणात मी ठामपणे सांगू शकलेली एकमेव गोष्ट होती.

यापुढे जे घडते त्याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणे कठीण आहे. आवाजासाठी एवढी निवड करून विकत घेतलेला स्विच जसाच्या तसा बसवायचा नसतो. तो उघडायचा, त्याचे वरचे घर, खालचे घर, मधली दांडी आणि स्प्रिंग असे चार भाग वेगळे करायचे, त्यांना ब्रशने ग्रीस लावायचे, म्हणजे तो खरखरत नाही, आणि मग पुन्हा बंद करायचा. माझ्या कीबोर्डाला ८४ कळा आहेत, म्हणजे एकूण ३३६ तुकडे झाले. ते आईने मोठ्या मनाने दिलेल्या इडलीपात्राच्या खळग्यांत मांडून मी बसलो. ग्रीस म्हणजे क्रायटॉक्स २०५, ग्रेड शून्य. पांढरट, दाट आणि चिमुकल्या डबीत मिळणारे. ते किती लावावे याबद्दल ‘पातळ, पण पुरेसे’ असे मार्गदर्शन सगळीकडे आढळते. कमी पडले तर खरखर राहते. जास्त झाले तर कळ परत वर यायला आळस करते. दांडीच्या दोन्ही कडांवर प्लॅस्टिकचा रंग किंचित धुरकट दिसेल इतकाच थर हवा. बाजूच्या धातूच्या पातीला मात्र ब्रश लागता कामा नये, कारण अक्षर तिच्यामुळे उमटते. पंचविसाव्या स्विचपर्यंत माणूस हे काम कारागिराच्या निष्ठेने करतो आणि त्यानंतर कंत्राटदाराच्या. मधूनच एखादी स्प्रिंग चिमट्यातून निसटून दिवाणाखाली जाते आणि तिच्या शोधात गेल्या दिवाळीतला सांडलेला चिवडा सापडतो.

“हे तूप कसले चोपडतो आहेस?” आईने विचारले. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता शिलाई मशीनचे तेल घरातच असल्याची आठवण करून दिली. खनिज तेलाने काही प्रकारचे प्लॅस्टिक खराब होऊ शकते आणि ते पातळ असल्यामुळे ओघळून जाते. हे ग्रीस मात्र प्लॅस्टिकला काहीच करत नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले. “मग एवढे पैसे देऊन प्लॅस्टिकचे का घेतलेस?” असे ते म्हणाले.

स्विच परवडले, पण स्टॅबिलायझर वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. स्पेस बार सव्वासहा कळांएवढा लांब, म्हणजे जवळजवळ बारा सेंटिमीटरचा असतो. तो कोठेही दाबला तरी दोन्ही टोकांनी सारखा खाली जावा म्हणून त्याच्याखाली तारेचा एक पूल, म्हणजेच स्टॅबिलायझर, बसवलेला असतो. ही तार तिच्या प्लॅस्टिकच्या खाचेत किंचितही सैल असली की दर शब्दानंतर डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. ती टीपॉयच्या काचेवर ठेवून एक टोक बोटाने दाबायचे, दुसरे उचलले गेले तर पकडीने केसभर वाकवायचे आणि पुन्हा काचेवर ठेवायचे. शिवाय स्क्रूने पीसीबीवर बसणारे स्टॅबिलायझर प्लेटच्या आधी बसवावे लागतात, प्लेट स्विचच्या आधी लागते आणि कीकॅप सगळ्यांत शेवटी. म्हणजे ज्या खडखडाटाचा पत्ता अगदी शेवटी लागतो त्याचा बंदोबस्त अगदी सुरुवातीला करायचा असतो. ही रचना ज्याने केली त्याला सरकारी कामकाजाची उत्तम माहिती असावी. मी सगळे जोडून पाहिले, डाव्या टोकाला टिकटिक ऐकली, सगळे उतरवले, तार वाकवली, पुन्हा जोडले. आता उजव्या टोकाला ऐकू येऊ लागली. शेजारच्या काकूंना बोलावून मी स्पेस बार वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकले आणि पंखा करकरतो आहे, असे निदान केले. तेही खरेच होते.

बाकीची जोडणी पटकन झाली. ‘एम’ उमटेना, तेव्हा त्याचा स्विच उपटून खाली दुमडलेली पिन चिमट्याने सरळ केली. पीसीबी हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच नुसते खोचता-उपटता येणारी, असल्यामुळे सोल्डरिंगची गरज पडली नाही, ही या प्रकारातली एकमेव दया म्हणावी लागेल. कीबोर्ड पूर्ण झाला. त्याचा आवाज खरोखरच भरीव, मऊ आणि खोल आहे, आणि हे मला एकट्यालाच कळते.

बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. त्यांची बरीचशी नोकरी गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर गेली आणि बोटांत तो जोर अजून शिल्लक आहे. परवा ते खुर्चीवर बसले, कळांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “यात मराठी कुठे आहे?” देवनागरी छापलेल्या कीकॅप मला कुठेच मनासारख्या मिळाल्या नव्हत्या. इन्स्क्रिप्ट या संगणकावरच्या देवनागरी कळमांडणीत स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला असतात, व्यंजने उजव्या हाताला असतात आणि ळ शिफ्ट धरून ‘एन’वर मिळतो, एवढे मी तोंडी सांगितले. टाइपरायटरवरचा ळ तिथे नव्हताच, अशी नापसंती नोंदवून त्यांनी महानगरपालिकेला पाणीपुरवठ्याबद्दलचा अर्ज टाइप करायला घेतला. प्रत्येक कळ चारही मिलिमीटर पार करून तळाशी आदळत होती, इडलीपात्रातून निघालेल्या ८४ स्विचांतले ग्रीस आपापल्या परीने प्रतिकार करत होते आणि मी दाराशी उभा राहून स्पेस बारच्या उजव्या टोकाकडे कान लावून होतो. अर्ज संपवून ते उठले.

“बरा आहे,” ते म्हणाले, “पण आवाज फारच कमी आहे. काम चालू आहे असे वाटत नाही.”