खुलासा : मर्लिन मन्रोचा 'जंटलमेन प्रेफर ब्लाँड्स' हा मूकपटाचा रिमेक नाही

मन्रोचे गुलाबी झग्यातले छायाचित्र आणि खाली मजकूर : 'हा १९२८ च्या मूकपटाचा रंगीत रिमेक, त्यामुळे जुना चित्रपट हरवला तरी बिघडत नाही.' हा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यातले 'बिघडत नाही' मला फार लागले.

अनिता लूसची याच नावाची कादंबरी १९२५ ची. तिचे नाटक १९२६ मध्ये ब्रॉडवेवर आले. या कादंबरी-नाटकावरून पॅरामाउंटने १९२८ मध्ये मूकपट काढला. दिग्दर्शक माल्कम सेंट क्लेअर, नायिका लोरेलाय झाली रूथ टेलर आणि तिची मैत्रीण डोरोथी झाली ॲलिस व्हाइट. मन्रोचा १९५३ चा चित्रपट (दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स) मात्र १९४९ च्या संगीत नाटकावरून आलेला. 'डायमंड्स आर अ गर्ल्स बेस्ट फ्रेंड' हे हिऱ्यांचे प्रसिद्ध गाणेही त्याच संगीत नाटकातले. मूकपटात ते असणार कुठून?

आणि बिघडते ते असे : कादंबरी ही लोरेलायची डायरी आहे. स्पेलिंग चुकलेले, पण सूर अगदी गंभीर, म्हणूनच हसू येते. पडद्यावर ही गंमत दृश्यांच्या मध्ये दाखवल्या जाणाऱ्या मजकुराच्या पाट्यांमधून आणायची होती. त्या लिहिण्यात स्वतः लूस आणि पटकथाकार हर्मन मॅन्कीविट्झ होते. आज या चित्रपटाची एकही प्रत ठाऊक नाही. उरली ती छायाचित्रे. त्यांत रूथ टेलर दिसते, पण एकही दृश्य हलत नाही.

असे चित्रपट हरवण्याचे एक कारण म्हणजे तेव्हाची नायट्रेट फिल्म, म्हणजे चित्रपट ज्या पट्टीवर असायचा ती. ती चटकन पेट घ्यायची, नाहीतर चिकट होऊन शेवटी तिची तपकिरी भुकटी व्हायची. अमेरिकेत १९१२ ते १९२९ दरम्यान निघालेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात जेमतेम १४ टक्के उरले आहेत.

संदेश पुढे पाठवला असेल, तर ही दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाका.