त्या ३० जणांपैकी बहुतेकांच्या गोळ्या चालू होत्या

मावशीच्या डब्यात बीपीच्या गोळ्यांची आख्खी स्ट्रिप तशीच पडलेली दिसली. विचारलं, तर तिने मोबाइल पुढे केला. मेसेज असा: रोज आंबवलेलं दूध प्या, दोन महिन्यांत बीपी मुळापासून जातं, जपानमध्ये सिद्ध झालंय, ते गोळीसारखंच काम करतं, नैसर्गिक असल्याने अपाय शून्य, तेव्हा गोळ्या फेकून द्या. मशीन लावलं. १६४/९८. गोळ्या चालू होत्या तेव्हाचे तिच्या वहीतले आकडे १३०च्या आसपासचे आहेत.

आता जपानचं घ्या. प्रयोग खरा आहे, १९९६ साली प्रसिद्ध झालेला. रक्तदाब असलेले ३० वयस्कर लोक. एका गटाला लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस हे जिवाणू आणि यीस्ट घालून आंबवलेलं दूध, रोज ९५ मिलि, आठ आठवडे. दुसऱ्या गटाला तितकंच दूध, पण न आंबवता नुसतं आम्ल घालून आंबट केलेलं. पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी १४ने उतरला. मेसेज इथेच थांबतो. पुढचं वाक्य गाळलंय, की या ३० जणांपैकी बहुतेक जण बीपीची औषधं घेत होते! म्हणजे दूध होतं ते गोळीच्या जोडीला. गोळी बंद करून नुसत्या दुधावर माणसं ठेवून पाहिलेलीच नाहीत. आणि याच प्रयोगाचं नाव घेऊन आमच्या सत्तरीच्या मावशीला गोळ्या फेकायला सांगताय? बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिनसारखी औषधं एकदम थांबवली, तर दाब उलट उसळी घेतो. ते कोण निस्तरणार?

शिवाय एका छोट्या प्रयोगावर भागत नाही. २०१२ साली कॉक्रेन या, वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने असे १५ प्रयोग, एकूण १,२३२ माणसं, एकत्र तपासली. वरचा आकडा सरासरी २.४५ने कमी, खालच्यात फरक नाही. बरेच प्रयोग कच्चे, एकमेकांशी न जुळणारे. आंबवलेल्या दुधाने रक्तदाब उतरतो असं म्हणता येत नाही, हाच त्यांचा निष्कर्ष. मुळापासून जाणं दूरच. बीपी पहिल्यांदा मोजताना धास्तीनेही चढलेलं असतं, पुढे आपोआप थोडं उतरतं. म्हणून तर तो आम्लाच्या दुधाचा गट लागतो. शेजारच्यांना गुण आला, हा पुरावा होत नाही.

‘गोळीसारखं काम करतं’ यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. दूध आंबताना प्रथिनांचे बारीक तुकडे होतात. त्यातले काही, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या यंत्रणेतलं एसीई नावाचं एन्झाइम अडवतात, आणि एनालाप्रिलसारख्या गोळ्याही तेच एन्झाइम अडवतात. पण गोळीत मात्रा ठरलेली असते. घरी आंबवलेल्या दुधात कुठले जिवाणू वाढले, तुकडे किती झाले, हे कोण मोजतंय?

राहिलं नैसर्गिक. मेसेजच्या शेवटी ‘कुठलाही आंबवलेला पदार्थ चालेल’ असंही आहे. मिठात मुरवून आंबवलेले पदार्थ बीपीवाल्याला चालतील? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते.

मावशीच्या डॉक्टरांना त्याच संध्याकाळी फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू झाली. दूध ती अजून पिते, आवडतं तिला. त्याला कुणाचीच हरकत नाही.