कुत्र्याला ढास लागली की कांद्याचा रस? थांबा

कुत्रे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. घशात काही अडकल्यासारखा कुत्रा खोकत असेल तर तो ‘केनेल कफ’, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, समजावा. हा आजार फक्त बोर्डिंगमध्ये (मालक गावाला गेल्यावर कुत्रे सांभाळतात तिथे) ठेवलेल्या कुत्र्यांना होतो, लस झालेल्यांना होतच नाही. झालाच तर मधातून कांद्याचा रस आणि लहान मुलांचे कफ सिरप द्यावे. तीन दिवसांत उतार नसेल तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणावे.

आधी कांद्याचे बघू, कारण जिवावर बेतू शकते ते तिथेच. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की पावडर, त्यामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाचेही तेच. त्रास काही दिवसांनी दिसतो: मरगळ, फिकट हिरड्या, गडद लघवी. तोवर कांद्याचा रस दिल्याचे घरात कोणाच्या लक्षातही नसते. माणसांच्या कफ सिरपचीही तीच गत. काहींत पॅरासिटामॉल असते, काहींत नाक मोकळे करणारी औषधे, आणि कुत्र्याच्या हृदयाचे ठोके त्यांनी बेफाम वाढू शकतात. ‘शुगर-फ्री’ बाटलीत साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असेल तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतालाही इजा होते. बाळाला चालते म्हणून कुत्र्याला चालेल, हा हिशोब इथे लागू नाही.

घशात अडकल्यासारखा खोकला, हे वर्णन मात्र बरोबर आहे. कोरडी, हंसाच्या ओरडण्यासारखी उबळ येते आणि शेवटी ओकारी काढून पांढरा फेस पडतो. हाड अडकले असे वाटून लोक कुत्र्याच्या तोंडात बोटे घालतात ते यामुळेच. पण अशी प्रत्येक उबळ केनेल कफची नसते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिका चपटी होऊन असाच आवाज येतो. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याला हृदयविकारामुळे रात्री खोकला येऊ शकतो. लस न झालेल्या पिल्लाला खोकल्यासोबत डोळ्यांतून घाण, जुलाब किंवा झटके येत असतील तर डिस्टेंपर या गंभीर विषाणूजन्य आजाराची शंका आधी घ्यावी. म्हणून उबळ आली की मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांच्या टेबलावर कुत्रा हमखास गप्प बसतो.

बोर्डिंगचे म्हणाल तर गर्दीत लागण वेगाने होते, हे खरे. पण खोकल्या-शिंकांचे तुषार आणि उष्टी भांडी ग्रूमिंगच्या दुकानात असतात, सोसायटीच्या बागेत असतात, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या कुंडीतही असतात. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला 2 ते 14 दिवस लागतात, त्यामुळे कुठून आले ते आठवतही नाही.

लसीचा दावा अर्धवट आहे. दरवर्षीच्या एकत्रित इंजेक्शनमध्ये पॅराइन्फ्लुएंझा आणि ॲडिनोव्हायरस या विषाणूंपासून संरक्षण असते, पण बोर्डेटेला जिवाणूवरची लस सहसा वेगळी द्यावी लागते. बहुतेकदा ती नाकात थेंब टाकून देतात. या आजारामागे अनेक विषाणू-जिवाणू असल्याने लस झालेला कुत्राही खोकू शकतो, फक्त त्रास सहसा सौम्य असतो. बोर्डिंगला सोडायच्या आदल्या दिवशी लस देऊन काही साधत नाही.

तीन दिवसांची मुदत कोणी ठरवली, देव जाणे. साधा केनेल कफ 1 ते 3 आठवडे रेंगाळतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. कुत्रा खातोय, खेळतोय, ताप नाही, तर अँटिबायोटिकची गरज सहसा पडत नाही. पशुवैद्यक तज्ज्ञांच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तोवर गळ्यातला पट्टा काढून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला, उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद ठेवा, गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये त्याला थोडा वेळ घेऊन बसा. इतर कुत्र्यांपासून निदान दोन आठवडे लांब ठेवा.

वाट बघू नये अशीही वेळ येते. झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर जात असेल, अन्न सोडले असेल, ताप 103 फॅरनहाइटच्या पुढे असेल, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असेल, तर न्यूमोनियाची भीती असते. हिरड्या निळसर दिसल्या तर तासभरही थांबू नका. पिल्लू, म्हातारा कुत्रा किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल तर पहिल्या खोकल्यालाच दाखवा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून खोकल्याचे सांगा आणि बोलावेपर्यंत बाहेरच थांबा. आत लस घ्यायला आलेली पिल्ले बसलेली असतात.