शनिवारची एक फेरी आणि रविवारच्या ५३

शनिवारी पात्रता फेरी संपली, की दादरपासून डोंबिवलीपर्यंतचे आमचे फॉर्म्युला वनवेडे मित्र एकाच आकड्यावरून वाद घालू लागतात: पोल, म्हणजे शर्यत सुरू करण्याची पहिली जागा, कोणी आणि किती हजारांश सेकंदांनी मिळवला. मराठी बातम्याही तेवढ्यावरच थांबतात. त्या एका फेरीवरून रविवारचा अंदाज बांधणे ही या खेळावर अन्याय करणारी सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता संघ खरोखर वेगवान आहे हे ताडायचे असेल, तर शुक्रवारच्या दुसऱ्या सराव सत्रातील लांब पल्ल्याच्या फेऱ्या आणि प्रत्येक संघाने राखून ठेवलेले टायर पाहायला हवेत.

पात्रता फेरीत गाडीत जेमतेम इंधन असते, टायर कोरे आणि बहुतेक वेळा सॉफ्ट (जास्त पकड देणारे पण लवकर झिजणारे; हार्ड त्याच्या उलट, मीडियम मधले) असतात, आणि त्यांच्याकडून एकच वेगवान फेरी हवी असते. रविवारी तीच गाडी २०२५ पर्यंतच्या नियमांनुसार ११० किलोपर्यंत इंधन घेऊन निघत असे. दहा किलो इंधनामागे फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात, असा ढोबळ हिशेब आहे. इटलीतील मोंझाच्या शर्यतीच्या ५३ फेऱ्यांत तेव्हा दर फेरीला सुमारे दोन किलो इंधन जळत असे, म्हणजे केवळ हलकी होत गेल्यामुळे गाडी दर फेरीला ०.०६ सेकंदांनी वेगवान व्हायला हवी. म्हणून एखाद्या चालकाच्या सलग दहा फेऱ्यांची वेळ तंतोतंत सारखी आली, तर त्याचे टायर टिकले असे समजू नये. ते दर फेरीला तेवढेच झिजत आहेत आणि हलकेपणाने ती झीज झाकली आहे.

शुक्रवारी कोणी किती इंधन भरले हे प्रतिस्पर्ध्यांना कळत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीचा आकडा फसवा असतो. मात्र फेरीची वेळ कशी वाढत जाते, ते सहसा लपत नाही. समजा, दोन गाड्या सारख्याच वेगाने निघाल्या. एकीची वेळ कायम राहिली आणि दुसरीची दर फेरीला ०.१ सेकंदाने वाढत गेली. विसाव्या फेरीअखेर दुसरी गाडी एकूण १९ सेकंद मागे पडलेली असेल. प्रत्यक्ष टायर बदलायला दोन-तीन सेकंद लागत असले, तरी पिट लेनमधून, म्हणजे टायर बदलण्यासाठीच्या बाजूच्या रस्त्यावरून, ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत जाण्यामुळे एका थांब्याची किंमत मोंझात वीस सेकंदांच्या पुढे जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की एक थांबा घ्यावा की दोन, हा प्रश्न किती नाजूक आहे ते दिसते.

१ सप्टेंबर २०२४ ची मोंझाची शर्यत मला याच कारणासाठी फार मोलाची वाटते. सुरुवातीला पहिल्या दोन जागांवर मॅक्लारेनचे लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्त्री होते, तर फेरारीचा शार्ल लक्लेर चौथ्या जागेवर होता. ट्रॅकवर नवे डांबर घातले होते आणि शुक्रवारी टायरवर ग्रेनिंग दिसले होते. म्हणजे रबराचे बारीक कण सुटून पुन्हा टायरच्याच पृष्ठभागाला चिकटत होते आणि पकड कमी होत होती. त्यावरून बहुतेकांनी दोन थांबे गृहीत धरले. परंतु नवे डांबर शुक्रवारी जसे वागते तसे रविवारी वागत नाही, कारण गाड्या धावून त्यावर रबराचा थर बसत जातो. कसोटीच्या पहिल्या सकाळी वानखेडेवर चेंडू वळला नाही म्हणून चौथ्या दिवशीही तो वळणार नाही, असे आपण कधी मानतो का?

गणपती सहा दिवसांवर आले होते, लालबागच्या बाजूने मंडपांच्या कामाचा आवाज येत होता, आणि आम्ही परळच्या घरात साडेसहापासून पडद्यावरच्या सेकंदांवर नजर लावून बसलो होतो. लक्लेरने पंधराव्या फेरीत हार्ड टायर घेतले. नॉरिस टायर बदलायला दुसऱ्यांदा आत आला, ३८ व्या फेरीत पियास्त्रीही आला, पण लक्लेर न थांबता ट्रॅकवरच राहिला. उरलेल्या १५ फेऱ्यांत पियास्त्री अंतर भराभर कापत होता आणि माझा भाचा दर फेरीला नवा आकडा मोठ्याने वाचत होता. लक्लेरने त्या एकाच संचावर ३८ फेऱ्या काढल्या आणि पियास्त्रीच्या तीनेक सेकंद आधी रेषा ओलांडली. मॅक्लारेनची गाडी त्या दिवशी अधिक वेगवान होती, हे मी आजही मान्य करेन. जिंकली ती टायर जपणारी फेरारी.

हीच फेरारी २०२२ मध्ये हंगेरीत नेमके उलटे वागली होती. थंड हवेत अल्पीन संघाच्या गाड्या हार्ड टायरवर चाचपडताना सर्वांना दिसत होत्या, तरीही आघाडीवर असलेल्या लक्लेरला तेच टायर दिले गेले आणि तो सहावा आला. रेड बुलचा बेत मॅक्स व्हर्स्टॅपनला हार्ड टायरवरच सोडण्याचा होता. पण ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या जागेकडे, जाताना पकड मिळत नाही हे कळताच संघाचे डावपेच आखणाऱ्या हाना श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेत बदलून सॉफ्ट टायर लावले. दहाव्या जागेवरून सुरुवात करून, मध्ये एकदा गाडी गिरकी खाऊनही, व्हर्स्टॅपन जिंकला. डावपेच आखणाऱ्यांचे हे काम चालकाच्या कौशल्याइतकेच कौतुकास पात्र आहे, आणि आपल्याकडे त्यांची नावेही छापली जात नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते.

मराठीत या खेळाविषयी लिहिणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. नेहमीच्या शर्यतीत प्रत्येक चालकाला कोरड्या ट्रॅकसाठीच्या टायरचे १३ संच मिळतात: दोन हार्ड, तीन मीडियम आणि आठ सॉफ्ट. त्यांतले नवे हार्ड आणि मीडियम संच रविवारसाठी कोणाकडे किती उरले आहेत आणि शुक्रवारी कोणाची वेळ फेरीगणिक किती वाढली, एवढ्या दोन ओळी पोलच्या बातमीखाली अवश्य द्या.